दीड मिलिमीटरचं रान

आंबोलीच्या पावसात बेडकाचा फोटो काढायचा, तर कॅमेरा बराच वेळ पिशवीतच राहतो. कामाला आधी कान लागतात. अंधार पडला की झुडपांतून टिक्-टिक्-टिक् असा टाइपरायटर बडवल्यासारखा आवाज सुरू होतो. हा बॉम्बे बुश फ्रॉग. अंग दोन-अडीच सेंटिमीटरचं, पण आवाज सगळ्या उतारावर ऐकू येतो.

आवाजाच्या रोखानं चार पावलं टाकली की तो गप्प. मग टॉर्चचा उजेड मंद करून पायाशी धरायचा आणि उभं राहायचं. लांबचा एखादा नर सुरुवात करतो, दुसरा त्याला उत्तर देतो आणि शेवटी आपल्या समोरच्यालाही राहवत नाही. रानात गेल्यावर आपोआप मन निवतं, असं लोक म्हणतात. माझं तसं होत नाही. नुसती बसले, तर घरची बिलं आणि ऑफिसातली भांडणं पावसाबरोबर डोक्यात टपटपत राहतात. पण नेमकी कुठल्या पानाआडून हाक येते आहे, हे शोधायला लागले की त्यांना जागाच उरत नाही.

बेडूक दिसला की खरी कसरत. मॅक्रो लेन्सनं खऱ्या आकाराएवढं चित्र घेताना एफ/११ अ‍ॅपर्चर ठेवलं, तरी जेमतेम दीड मिलिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. ओरडताना नराच्या गळ्याखालची पिशवी डोक्याहून मोठी फुगते. समोरून फोटो घेतला, तर डोळा स्पष्ट आणि पिशवी धूसर, नाहीतर उलटं. म्हणून बाजूला सरकून डोळा आणि पिशवी एका पातळीत आणायची. फोकसची रिंग फिरवायची नाही. गुडघे चिखलात रोवून सगळं अंगच केसभर पुढे-मागे करायचं. श्वास घेतला की चौकट हलते, सोडला की व्ह्यूफाइंडरवर वाफ धरते. तो अर्धा सोडून, थांबून, बटण दाबायचं.

फ्लॅश सरळ मारला, तर ओल्या कातडीवर पांढरे डाग पडतात, म्हणून त्याच्यापुढे दुधी प्लॅस्टिकचा डिफ्यूझर. त्यातही एक गोम आहे. फ्लॅशचा उजेड बेडकावर पडतो, मागच्या झाडीपर्यंत पोचतच नाही. बेडूक सुरेख येतो, पण काळ्या पडद्यापुढे बसवल्यासारखा. बरोबरचा आंबोलीकर मुलगा मागच्या नेच्यांवर टॉर्चचा उजेड फिरवतो, मी शटर लांबवते. मग धुकं, पावसाच्या रेघा, ओलं खोड हळूहळू चौकटीत येतात. कुठे अंधार ठेवायचा आणि कुठे रान दाखवायचं, हा निर्णय मात्र माझा.

बेडकाला हात लावायचा नाही, ‘बऱ्या’ पानावर उचलून ठेवायचं नाही. त्याची कातडी पाणी शोषते, तसंच आपल्या हातावरचं डास पळवणारं मलमही. शिवाय जागा हीच त्याची अर्धी ओळख. बुश फ्रॉग अंडी पाण्यात घालत नाहीत. शेपटीवाल्या पिल्लाची अवस्था अंड्याच्या आतच संपते आणि बाहेर येतो तो चिमुकला बेडूकच. मलबार ग्लायडिंग फ्रॉगचं वेगळं: तो पाण्यावर झुकलेल्या पानांना फेसाचं घरटं चिकटवतो आणि पिल्लं खाली पाण्यात पडतात. आंबोली टोडला तर २००९ मध्ये शास्त्रीय नाव मिळालं, आणि हा भेक आंबोलीच्या आसपासच आढळतो; त्याची वीण जांभ्या सड्यावरच्या उथळ डबक्यांत होते.

एकाला ओला पाला लागतो, दुसऱ्याला पाण्यावरची फांदी, तिसऱ्याला सडा. म्हणून घरी आल्यावर फोटोशेजारी तारीख, वेळ, पानाची उंची लिहिते, फोनवर टिपलेला आवाज जोडते. बुश फ्रॉग ओळखायला रंगापेक्षा आवाजाचा आधार मोठा. आणि कुठला फोटो ठेवायचा हे ठरवताना आता आधी एवढंच बघते: हा कुठे राहतो, ते या चित्रावरून सांगता येईल का?