आठ नंबर मैदानातच होता

कॉलेजच्या नाहीतर कॉलनीच्या टीममधून तुम्ही कधी फुटबॉल खेळला असाल, तर 'रेफ्रीनं हरवलं' हे वाक्य एकदा तरी तुमच्या तोंडून निघालंच असेल. मीही म्हटलं. अकोल्याहून अमरावतीला परत येताना एसटीत बसून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाइपही केलं, सोबत तीन रागावलेले इमोजी. मूर्तिजापूर यायच्या आत तो मेसेज मीच डिलीट केला. का केला, ते सांगतो.

आधी टीमची ओळख. २०२२ मध्ये नागराज मंजुळेंचा 'झुंड' लागला तेव्हा आम्ही फर्स्ट इयरला होतो. सिनेमा ज्यांच्या कामावर बेतला ते विजय बारसे सर नागपूरचे, म्हणजे आपल्या विदर्भाचेच, आणि आपणही काहीतरी करायला पाहिजे असं त्या आठवड्यात सगळ्यांनाच वाटून राह्यलं होतं. आमचा उत्साह टिकला एवढंच. कोच नाही. जर्सी निळ्या, पण दोन वेगवेगळ्या दुकानांतून घेतल्यामुळे निळा रंगही दोन प्रकारचा. प्रॅक्टिसला जागा म्हणजे क्रिकेटवाल्यांचं डीप मिडविकेट. त्यांचा कॅच आला की आमची मॅच थांबते. कोल्हापूरला टीमच्या नावावर पेठा भांडतात, शाहू स्टेडियम भरून जातं. आमच्या मॅचला दहा-बारा माणसं आणि कोणाच्या तरी बकऱ्या असल्या तरी गर्दी म्हणायची.

तर अकोल्यात एका नॉकआउट स्पर्धेत आमचं नाव गेलं. सकाळी निघालो. याच अमरावती-अकोला रस्त्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज रेकॉर्ड झालं होतं. आमची एसटी मात्र कोणतंही रेकॉर्ड करायच्या मूडमध्ये नव्हती. अर्धी टीम उभ्यानं गेली. पोहोचल्यावर आलूबोंडा खाल्ला, जो मॅचच्या आधी खाऊ नये हे मला आता कळलं आहे.

मी सबस्टिट्यूट होतो. त्यामुळे या गोष्टीतलं माझं काम छोटं आहे. पण ते विसरू नका, पुढे लागेल.

रेफ्री एकटेच होते. लाइन्समन नाहीत. त्यांची त्या दिवशीची ती तिसरी मॅच. गोलला जाळी एकाच बाजूला, चुन्याची रेषा अर्धी वाऱ्यानं उडालेली. मॅच सुरू व्हायच्या आधी ते दोन्ही टीमकडे आले आणि म्हणाले, "एकेक पोट्टा द्या, लाइनवर झेंडा घेऊन उभा राहीन. बॉल बाहेर गेला का तेवढं पाहायचं." त्यांनी बघितलं माझ्याकडेच. मला रील काढायची होती. मी म्हटलं, "सर, मी वॉर्मअप करून राह्यलो." समोरच्या टीमनंही असंच काहीतरी कारण सांगितलं. झेंडे पिशवीतच राहिले.

बाराव्या मिनिटाला आम्ही गोल खाल्ला. त्यांचा थ्रो-इन होता. त्यांचा स्ट्रायकर आमच्या सगळ्या डिफेंडरच्या मागे, गोलकीपरच्या पुढ्यात एकटा उभा. बॉल थेट त्याच्याकडे, त्यानं वळून आत टाकला. आम्ही अकरा जण अधिक बाहेरचे तीन, सगळे एका सुरात ओरडलो, "ऑफसाइड!" रेफ्रींनी हात हलवला आणि सरळ मध्यरेषेकडे चालायला लागले. मी लाइनवरून काय काय बोललो ते इथे छापता येणार नाही.

हाफटाइमच्या आधी आमच्या आठ नंबरनं एकाला मागून पाय घातला. पिवळं कार्ड. बरोबर होतं. आठ नंबर म्हणजे आमचा सगळ्यात चांगला मिडफिल्डर, फक्त पाय जरा सैल.

सेकंड हाफ सुरू होऊन पाचेक मिनिटं झाली असतील. त्यानं पुन्हा तसाच पाय घातला. पुन्हा शिट्टी, पुन्हा पिवळं कार्ड. आणि रेफ्री फ्री-किकची जागा दाखवून मागे पळत गेले. लाल कार्ड निघालंच नाही.

तुम्ही फुटबॉल बघत असाल तर तुमच्या लक्षात आलंच असेल. दोन पिवळी म्हणजे एक लाल. खेळाडू बाहेर, टीम दहावर. रेफ्री विसरले होते. आमच्या सगळ्यांच्या लक्षात आलं. कॅप्टननं आठ नंबरकडे बघितलं, आठ नंबरनं बुटाची लेस बांधायला घेतली. मी मोबाइल खाली केला. कोणी एक शब्द बोललं नाही. बाराव्या मिनिटाला चौदा तोंडं उघडली होती, आता सगळी बंद.

यावर हसू नका, वर्ल्ड कपमध्येही असं झालेलं आहे. २२ जून २००६, जर्मनीतलं श्टुटगार्ट, क्रोएशिया विरुद्ध ऑस्ट्रेलिया. इंग्लंडचे रेफ्री ग्रॅहम पोल यांनी क्रोएशियाच्या योसिप शिमुनिचला दुसरं पिवळं कार्ड दाखवलं, पण नोंद करताना ते ऑस्ट्रेलियाच्या तीन नंबरच्या नावावर गेलं. शिमुनिच खेळत राहिला. शेवटी तिसरं पिवळं मिळालं तेव्हा लाल निघालं. पोल यांच्याजवळ वही होती, लाइन्समन होते, चौथे अधिकारीही होते. तरी झालं. त्यानंतर त्यांनी मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून माघार घेतली.

आमच्या मॅचमध्ये पुढं काय झालं असेल? बरोबर. आठ नंबरनंच गोल केला. लांबून मारलेला, कीपरच्या हाताला लागून आत. १-१. आम्ही मैदानात पळत जाऊन त्याच्या अंगावर पडलो. मी पण. खरं सांगतो, त्या वेळी लाल कार्ड वगैरे मला आठवलंही नाही.

मग तो गोल झाला, ज्याच्यासाठी आम्ही अकोला डोक्यावर घेतलं. त्यांचा विंगर बॉल घेऊन कोपऱ्याकडे पळाला. बॉल गोललाइनच्या बाहेर गेला. आमचा डिफेंडर थांबला, कीपरनं गोल-किकसाठी हात वर केला. विंगरनं बॉल पायानं मागे ओढला, क्रॉस दिला, दुसऱ्यानं आत टाकला. रेफ्री त्या वेळी मैदानाच्या मध्यात, धापा टाकत. गोल!

तुम्हाला ११ जून २०२४ ची रात्र आठवते का? दोहा, वर्ल्ड कप क्वालिफायर, भारत विरुद्ध कतार. सुनील छेत्री रिटायर झाल्यानंतरची भारताची पहिलीच मॅच. छांगतेच्या गोलनं आपण १-० पुढे. ७३ व्या मिनिटाला गुरप्रीत जमिनीवर पडलेला, बॉल रेषेबाहेर गेलेला, तो मागे ओढला आणि युसुफ आयमननं आत टाकला. गोल दिला गेला. त्या राउंडला व्हीएआर नव्हता. भारत २-१ नं हरला आणि तिसऱ्या फेरीची आशा संपली. एआयएफएफनं चौकशीची मागणी केली, निकाल तोच राहिला. आमचं अगदी तसंच झालं, असं मी लाइनवर सगळ्यांना सांगत सुटलो होतो. एक फरक होता. दोह्यात लाइनवर माणूस होता. आमच्या लाइनवर माणूस असायला पाहिजे होता, आणि तो मी होतो.

"व्हिडिओ दाखव," कॅप्टन माझ्याकडे धावत आला. मी मोबाइल काढला. व्हिडिओत समोर उभ्या असलेल्या काकांची छत्री होती. पूर्ण नऊ सेकंद छत्री.

कॅप्टन म्हणाला, चला, मॅच सोडायची. बॅगा उचला. याचंही एक मोठं उदाहरण आमच्यासमोर होतं. ३ मार्च २०२३, बंगळुरूचं कांतीरवा स्टेडियम, आयएसएलची प्लेऑफ. जादा वेळेत ९६ व्या मिनिटाला छेत्रीनं फ्री-किक पटकन मारली, केरळा ब्लास्टर्सची भिंत अजून लागायची होती. गोल दिला गेला, केरळाच्या कोचनं टीम बाहेर बोलावली. परत आलेच नाहीत. बंगळुरू विजयी, केरळाला चार कोटी दंड आणि कोचवर दहा मॅचची बंदी. राग खरा होता, पण पटकन फ्री-किक घ्यायला नियम मुळात परवानगी देतो. रेफ्रींनी थांबायला सांगितलं नसेल तर शिट्टीची वाट बघावी लागत नाही. आमच्यावर चार कोटींचा दंड बसायची भीती नव्हती. एंट्री फी गेली असती आणि पुढच्या वर्षी कोणी बोलावलं नसतं.

सहा जण लाइनपाशी आले. गोलकीपर जागचा हलला नाही. कॅप्टननं हाक मारली तर तो तिथूनच ओरडला, "मी नाही येत बे! अमरावतीहून उभा राहून आलो मी एसटीत. अजून पंधरा मिनिटं आहेत नं? मले खेळू दे."

तेवढ्यात समोरच्या टीमचा कॅप्टन आला. आता भांडण होणार म्हणून मी दोन पावलं मागे झालो. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, बॉल बाहेर होता का आत, मले खरंच नाही दिसलं. पण तुमचा आठ नंबर तर कवाचा बाहेर पाह्यजे होता नं? आमच्या उशिरा ध्यानात आलं. तुम्हाले तर माहीत होतं."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. आठ नंबर तिथंच उभा होता, मान खाली. बॅगा खाली ठेवल्या आणि पोरं परत गेली. उरलेली पंधरा मिनिटं बरी खेळली, एक हेडर बारला लागला. २-१ नं हरलो. शेवटची शिट्टी आमच्या हिशोबानं तीन मिनिटं लवकर वाजली, आणि त्यावरही आम्ही ओरडलोच. सवय.

मॅचनंतर मी रेफ्रींकडे गेलो. जर्नालिझमचा विद्यार्थी आहे, प्रश्न विचारायचा हक्क आहे असं वाटतं आम्हाला. ते झाडाखाली बूट काढून बसले होते, पुढची मॅचही त्यांचीच. मी आधी ऑफसाइडचं काढलं. ते म्हणाले, "थ्रो-इनवर ऑफसाइड असते का?" मी गप्प. गोललाइनचं विचारलं. "मले नाही दिसलं. मी मध्यात होतो. न दिसलेल्यावर शिट्टी कशी वाजवू? म्हणून तर पोट्टे मागितले होते." मग मलाच राहवलं नाही. आठ नंबरच्या दोन कार्डांचं सांगून टाकलं. त्यांनी खिशातला कागद काढला, बघितला, घामानं पेनाची शाई पसरली होती. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.

"दोन होते? मंग मले काऊन नाही सांगतलं?"

परतीच्या एसटीत मी फुटबॉलचे नियम वाचले. आयएफएबी, म्हणजे १८८६ पासून हे नियम ठरवणारी संस्था, तिच्या वेबसाइटवर ते फुकट आहेत. एकूण १७. चार वर्षं फुटबॉल खेळतोय, पहिल्यांदा उघडले. अकरावा नियम ऑफसाइडचा. थ्रो-इन, गोल-किक आणि कॉर्नर, या तिन्हींवरून बॉल थेट मिळाला तर ऑफसाइड नाही. म्हणजे ज्याच्यावर आम्ही सगळ्यात मोठ्यानं ओरडलो, तो निर्णय पक्का बरोबर होता. पाचवा नियम रेफ्रीचा. चूक लक्षात आली तरी खेळ पुन्हा सुरू होण्याआधीच निर्णय बदलता येतो, सुरू झाल्यावर नाही. नववा नियम: पूर्ण बॉल पूर्ण रेषेच्या पलीकडे गेला तरच बाहेर. आमचा डिफेंडर शपथेवर सांगतो की पूर्ण गेला होता. मीही तेच सांगत होतो. मी कुठून बघितलं, ते मात्र मला अजून आठवत नाही. मी तर मोबाइलच्या स्क्रीनमध्ये बघत होतो, आणि स्क्रीनवर छत्री होती. हे मूर्तिजापूरच्या अलीकडे. मेसेज तेव्हा डिलीट केला.

तो गोल चुकीचा दिला गेला असेलही. मी अजून त्या बाजूनेच आहे. पण एवढ्या मोठ्या मैदानावर एका माणसाला तीन-तीन मॅच धावायला लावायच्या, मदतीला कोणी द्यायचं नाही आणि मग त्याला विकला गेला म्हणायचं, हे आपण दर रविवारी करतो. आपलं अमरावती तसं खेळाचं गाव. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ इथे १९१४ पासून आहे, १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी इथली मुलं देशी खेळ दाखवायला गेली होती. खेळणारे ढिगानं सापडतात. शिट्टी घ्यायला कोणाला सांगून बघा, सगळ्यांना अचानक घरी काम निघतं.

पुढच्या रविवारी प्रॅक्टिस मॅच होती. मी म्हटलं, रेफ्री मी. सगळे हसले, पण खेळायला माणसं पुरेशी होती म्हणून चाललं. आठ नंबरनं एक पंचा मागितला आणि स्वतःहून पहिला हाफ लाइनवर उभा राहिला, झेंडा म्हणून तो पंचा. त्याबद्दल ना तो काही बोलला, ना आम्ही.

दहाव्या मिनिटाला थ्रो-इनवर गोल झाला. अकरा जण माझ्याकडे धावले. "ऑफसाइड!" त्यात आमचा कॅप्टनही होता, ज्याला मी आदल्या रात्री अकरावा नियम फोनवर वाचून दाखवला होता. मी हात हलवला आणि मध्यरेषेकडे चालायला लागलो. अकोल्यात मी जे बोललो होतो, ते सगळं मला ऐकायला मिळालं.

मग गोलकीपरनं लांबून विचारलं, "भाऊ, टाइम किती राह्यला?"

मी मनगटाकडे बघितलं. स्टॉपवॉच सुरूच केलं नव्हतं.