खेळण्यांतील रणगाडा आणि त्याचीं दंतचक्रें

मुलांच्या खेळण्यांकडे घरांतील वडील मंडळी बहुधा दोन दृष्टींनीं पाहतात. खेळणें किती दिवस टिकेल ही एक, आणि त्यापायीं किती रुपये गेले ही दुसरी. खेळणें मोडल्यावर तें उघडून, तें कां मोडलें हें पाहण्याची तिसरी दृष्टि आमच्या सुशिक्षित कुटुंबांत अजून विरळाच आढळते. मोडलेली वस्तु माळ्यावर टाकावयाची व नवी मागवावयाची, असा परिपाठ पडत चालला आहे. बिनतारी यंत्रानें चालणारा खेळण्यांतील रणगाडा ही तिसरी दृष्टि शिकविणारा उत्तम गुरु आहे, असें आमचें मत आहे. तें कसें, हें वाचकांपुढें मांडण्याचा या लेखाचा हेतु आहे.

हा रणगाडा म्हणजे खऱ्या रणगाड्याची एक-सोळांश आकाराची प्रतिकृति. खरा रणगाडा सहा-सात मीटर लांब, तर हा जेमतेम हातभर. बिनतारी संदेशानें वाहन चालविण्याची कल्पना नवी नाहीं; निकोला टेस्ला यानें १८९८ सालीं न्यूयॉर्क येथें एक लहानशी नाव अशा रीतीनें चालवून दाखविली होती. या रणगाड्याला मोटारगाडीसारखें पुढचें चाक वळवितां येत नाहीं. डाव्या पट्ट्याला एक विजेची मोटर, उजव्या पट्ट्याला दुसरी. आणि प्रत्येक मोटरीजवळ दंतचक्रांची एकेक पेटी. बैलगाडी वळवितांना गाडीवान एका बैलाला आवरतो व दुसऱ्याला हांकतो, तोच न्याय येथें. डावा पट्टा थांबला व उजवा चालला कीं गाडी डावीकडे वळते. एक पुढें व एक मागें फिरला कीं ती जागच्या जागीं गिरकी घेते. पाहणाराला ही गिरकी फार मौजेची वाटते; परंतु त्या वेळीं दोन्ही पट्टे जमिनीवर आडवे घासले जातात व चक्रपेट्यांवर सर्वांत अधिक भार पडतो, हें ध्यानांत ठेवावें. बहुतेक पेट्या मोडतात त्या सरळ चालीनें नव्हे, तर या वळण्यानें.

भिवंडी तालुक्यांतील वज्रेश्वरी हें क्षेत्र बहुतेक वाचकांनीं पाहिलें असेल. चिमाजी अप्पांनीं १७३९ सालीं वसईच्या मोहिमेंत या देवीस नवस केला व त्याची फेड म्हणून टेकडीवरचें मंदिर उभें राहिलें, ही हकीकत सर्वश्रुत आहे. जवळच अकलोली व गणेशपुरी येथील उष्णोदकाचीं कुंडें आणि तानसा नदीचा कांठ. येथें आमच्या आप्तांचें एकत्र कुटुंब राहतें, व सुटींत घर मुलांनीं गजबजून जातें. अशाच एका सुटींत मुंबईहून आलेल्या भाच्यानें आपला रणगाडा बरोबर आणला. ओटीवरच्या गुळगुळीत फरशीवर त्यानें दोन दिवस सुरेख पराक्रम गाजविले. तिसऱ्या दिवशीं मुलांनीं तो नदीकांठच्या खड्यावाळूंत नेला. तेथें दोन-चार गिरक्या घेतांच आंतून कर्रकर्र आवाज निघाला, उजवा पट्टा थांबला, आणि गाडी घाण्याच्या बैलाप्रमाणें एकाच दिशेनें फिरूं लागली. आजींनीं सांगितलें, “ठेवून द्या माळ्यावर.” भाच्याचें म्हणणें पडलें कीं, नवाच मागवावा. थोरल्या काकांनीं मात्र पंचा पसरला, पेचकस आणविला आणि सर्व मुलांना भोंवतीं बसवून गाडी उलटी केली.

पेटी उघडल्यावर जें दिसलें त्याचा अर्थ कळण्यास थोडें गणित हवें. अशी मोटर मिनिटाला १५,००० फेरे घेते असें धरूं. पट्टा ओढणाऱ्या दातेरी चाकाचा परीघ सुमारें १६ सेंटिमीटर धरूं. मोटर त्याला थेट जोडली तर ती गाडीला जागची हलवूंही शकणार नाहीं. कारण मोटरींत वेग उदंड, पण जोर तोळाभर. म्हणून मधें चक्रमालिका घालतात. १० दांत्यांचें चक्र ४० दांत्यांच्या चक्राला फिरवितें, तेव्हां वेग चौथाई होतो व जोर चौपट होतो. पुन्हां १० व ४०, आणि शेवटीं १० व ३६ अशा तीन जोड्या लाविल्या, तर ४ गुणिलें ४ गुणिलें ३.६ म्हणजे ५७.६ पट फरक पडतो. मोटरीचे १५,००० फेरे शेवटच्या चाकाशीं सुमारें २६० उरतात. गाडी मिनिटाला ४१-४२ मीटर, म्हणजे ताशीं अडीच किलोमीटर चालते. याला सोळांनीं गुणिलें कीं ताशीं ४० किलोमीटर होतात, आणि खऱ्या रणगाड्याची ऐटदार चाल प्रतिकृतींत हुबेहूब उतरते. काकांच्या सातवींतल्या पुतणीनें दांते मोजून हा गुणाकार कागदावर मांडला. शाळेंत त्रैराशिकाचा कंटाळा करणारी ती मुलगी त्या दिवशीं जेवणाची हांक येईपर्यंत उठली नाहीं.

या गणितांतच दुखण्याचें निदान आहे. मालिकेच्या पहिल्या चक्राला वेगाचा जाच. तें घर्षणानें तापतें व झिजतें. शेवटच्या चक्राला जोराचा जाच. मोटरीचा जोर तेथें, घर्षणांत जाईल तो वजा करून, पन्नास पटींहून अधिक होऊन येतो व तो एक-दोन दांत्यांवर एकवटतो. त्यामुळें पहिलें चक्र झिजून मरतें आणि शेवटचें तुटून मरतें. वज्रेश्वरीच्या रणगाड्यांत शेवटच्या चक्राचे तीन दांते समूळ उडाले होते, व पहिल्याचे दांते सुरीच्या धारेसारखे पातळ झाले होते. विकतांना गाडी फरशीवरच्या भाराला पुरेल एवढीच बेताची बनविलेली. त्यांत हौसेनें कोणी प्लास्टिकच्या पट्ट्यांऐवजीं धातूचे पट्टे घातले, कीं वजन वाढतें व तेंच चक्र पहिल्यानें बळी पडतें.

वाचकांस वाटेल कीं हा स्वस्त खेळण्यांचा दोष; पण खऱ्या रणगाड्यांनाही हेंच दुखणें भोंवलें आहे. जर्मनीचा ‘पँथर’ रणगाडा जुलै १९४३ मध्यें कुर्स्कच्या लढाईंत प्रथम उतरला. मूळ बेत सुमारें ३५ टनांचा होता. चिलखत वाढतां वाढतां वजन ४५ टनांच्या घरांत गेलें. शक्ति शेवटीं ज्या पेटींतून पट्ट्यास पोंचते, त्या पेटींत ग्रहमालेच्या धर्तीची बळकट रचना घालावयास हवी होती. परंतु तीस लागणारीं, आंतल्या बाजूस दांते असलेलीं चक्रें कापण्याचीं यंत्रें अपुरीं होतीं. म्हणून साध्या चक्रांवर भागविण्यांत आलें. युद्धानंतर फ्रेंच सैन्यानें हे रणगाडे वापरून पाहिले, तेव्हां १९४७ च्या अहवालांत या शेवटच्या पेटीचें सरासरी आयुष्य १५० किलोमीटर नोंदलें गेलें. वजन वाढविलें आणि चक्र तेंच ठेविलें, म्हणजे काय होतें याचें यापेक्षां बोलकें उदाहरण सांपडणार नाहीं.

आतां उपाय. पहिली गोष्ट धातूची पारख. चकचकीत दिसणारें प्रत्येक चक्र पोलादी नसतें. पुष्कळदां तें जस्ताच्या मिश्रधातूचें ओतीव असतें व प्लास्टिकहून फारसें सरस ठरत नाहीं. साधा लोहचुंबक जवळ न्यावा. पोलाद चिकटेल, जस्त व पितळ चिकटणार नाहीं. दुसरी गोष्ट, सगळींच चक्रें पोलादी करण्याचा हट्ट धरूं नये. वेगाच्या टोंकाशीं चांगल्या प्लास्टिकचें चक्र कमी आवाज करतें. पोलाद हवें तें जोराच्या टोंकाशीं. नायलॉनचें चक्र घेतांना कोंकणच्या पावसाळ्याचा विचार करावा. नायलॉन हवेंतील ओल शोषून किंचित् फुगतें, आणि उन्हाळ्यांत मोकळें फिरणारें चक्र श्रावणांत अडूं लागतें. ॲसिटल नांवाच्या प्लास्टिकांत हा दोष फार कमी. तिसरी गोष्ट मापाची. परस्परांत अडकणाऱ्या दोन चक्रांच्या दांत्यांचें माप एकच असलें पाहिजे, आणि पेटी तीच ठेवावयाची तर दोघांच्या दांत्यांची बेरीजही तीच राहिली पाहिजे. १० व ४० यांच्या जागीं १२ व ३८ बसतील. १२ व ४० बसणार नाहींत, कारण दोन दांड्यांमधील अंतर ठरलेलें आहे.

काकांनीं पोलादी चक्रें मागविलीं. परंतु पेटीचीं भोकें दांडा हलून हलून मोठीं झालीं होतीं. तीं दाखविण्यास ते भिवंडीच्या एका यंत्रमाग दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे गेले. भिवंडी हें यंत्रमागांचें मोठें गांव, आणि यंत्रमाग म्हणजे दंतचक्रांचाच संसार. मागाचा वरचा दांडा दोन फेरे घेतो तेव्हां खालचा एक घेतो. कारण धोटा एकदां डावीकडून व एकदां उजवीकडून फेंकावा लागतो. विणलेलें कापड गुंडाळणाऱ्या मालिकेंत एक चक्र मुद्दाम बदलतां येण्याजोगें ठेवतात. मागवाले त्याला चेंज व्हील म्हणतात. पिकल्स नांवाच्या सात चक्रांच्या योजनेंत ३६ दांत्यांचें ठराविक चक्र लाविलें असतां, चेंज व्हीलचे जितके दांते तितके आडवे धागे कापडाच्या एका इंचांत बसतात. पुस्तक न उघडतां हें प्रमाण ज्याच्या बोटांवर आहे, त्या माणसानें पेटी उजेडाकडे धरली, दांडा अंगठ्यानें हलविला आणि म्हटलें, “काका, नुसतें चक्र पोलादी करून काय व्हायचं? दांडा असा डुलत राहिला तर दांते शेंड्याशेंड्यांनीं भिडतील, आणि पोलादसुद्धां जाईल.” त्यानें लेथवर पितळेचे बुश कातून भोकांत ठोकून दिले. दांडा ताठ उभा राहिला. आमच्या मतें या साऱ्या प्रकरणांतील मर्म त्या एका वाक्यांत आहे. साखळीची एक कडी बळकट केली कीं ताण नाहींसा होत नाहीं. तो शेजारच्या कडीवर जातो. चक्र सुधारलें तर दांडा पाहावा, दांडा सुधारला तर पेटीची भिंत पाहावी.

हा ताण अखेरीस मोटरीपर्यंत पोंचतो. प्लास्टिकचा दांता तुटतो तेव्हां एका परी तो मोटरीला वांचवितो. पोलादी दांता तुटत नाहीं. मग दगड अडकला कीं मोटरच अडते, आणि अडलेली मोटर नेहमींच्या कित्येक पट वीज ओढून स्वतः जळते किंवा विजेचा फलक जाळते. याकरितां पोलादी चक्रें बसवितांना प्रत्येक मोटरीच्या तारेंत योग्य बेताचा फ्यूज अवश्य घालावा. तुटावयाचें कोणी तरी असतेंच. तें स्वस्त व सहज बदलतां येण्याजोगें असावें, यांत शहाणपण आहे. लिथियमची बॅटरी असेल तर तिच्यासाठीं नेमलेल्या चार्जरनेंच, वडील माणसांच्या नजरेखालीं ती भरावी. फुगलेली बॅटरी पुन्हां वापरूं नये, व रात्रीं चार्जर लावून निजूं नये.

जुळवणीच्या दोन-तीन युक्त्या घरोघर उपयोगी पडतील. मोटर बसवितांना तिच्या लहान चक्रांत व पुढच्या चक्रांत वहीच्या कागदाची पट्टी धरून स्क्रू आंवळावे, मग चक्र फिरवून पट्टी काढून घ्यावी. दांत्यांत हवी तेवढीच फट राहते. वंगण थोडें व योग्य असावें. पोलादावर साधें ग्रीज चालतें, परंतु खनिज तेलाचें ग्रीज कांहीं प्लास्टिकांना तडे पाडतें. तेथें सिलिकोनचें वापरावें. पेटी बंदिस्त ठेवावी. कारण ग्रीजमध्यें वाळू मिसळली कीं तिचें घासण्याचें लुकण बनतें, व तें दांत्यांना रात्रंदिवस कुरतडतें. शेवटीं गाडी लांकडी ठोकळ्यावर उचलून, पट्टे मोकळे ठेवून, दहा मिनिटें पुढें व दहा मिनिटें मागें सावकाश चालवावी. मग पेटी उघडून निघालेला कीस पुसावा, नवें वंगण द्यावें आणि मगच ती जमिनीवर सोडावी. वज्रेश्वरीचा रणगाडा या विधीनंतर नदीकांठच्या खड्यांवरून चालला; गिरकी मात्र आतां जपून घ्यावयाची, असा नियम मुलांनींच केला.

एवढ्याशा खेळण्यासाठीं इतका खटाटोप कशाला, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, खटाटोप खेळण्यासाठीं नव्हताच. आमच्या घरांत पाठांतराला मान आहे, परीक्षेला आहे, नोकरीला आहे. हाताला वंगण लागण्याला मात्र अजूनही पुरता मान नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवांत सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला व १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली, ही गोष्ट आम्ही मुलांना अभिमानानें सांगतों. पण आपलाच मुलगा पेचकस घेऊन बसला कीं “अभ्यास कर” म्हणून त्याला उठवितों. आणि ज्या मिस्त्रीच्या अंगठ्याला दांड्याची डुलणूक कळते, त्याची विद्या आपण विद्या म्हणून ओळखतही नाहीं. मुलाला त्याच्या दुकानांत नेऊन अर्धा तास उभें करणें हा एक धडाच आहे, आणि त्याला फी पडत नाहीं.

ज्यांना सवड असेल त्यांनीं मुलांना अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचें अहमदनगर, येथील रणगाड्यांचें संग्रहालय दाखवावें. १९९४ सालीं तें उघडण्यांत आलें. दुसऱ्या महायुद्धांतील व्हॅलेंटाइन व चर्चिल, १९६५ च्या युद्धांत हातीं लागलेला पॅटन, आपला विजयंता, असे अनेक जातींचे रणगाडे तेथें उभे आहेत. त्यांच्या तोफांकडे मुलांचें लक्ष आपोआप जाईल. वडिलांनीं खालीं वांकून पट्ट्याला ओढणारें दातेरी चाक बोटानें दाखवावें, आणि त्याच्या मागें पेटींत किती दांत्यांची साखळी असेल, हा प्रश्न तेवढा विचारून ठेवावा.