पेशींची पकड

विटांची भिंत चुन्यावांचून टिकत नाहीं. मग देहांतील पेशी परस्परांस कशानें चिकटतात? जपानचे शास्त्रज्ञ मासातोशी ताकेइची यांनीं १९७७ सालीं दाखविलें कीं, एका प्रकारच्या जोडणीस चुन्यांतीलच कॅल्शियम लागतें. ती जोडणी करणाऱ्या प्रथिनास १९८४ सालीं ‘कॅडहेरिन’ हें नांव मिळालें. पेशीबाहेर आलेलें त्याचें टोंक शेजारणीच्या तशाच टोंकास धरतें.

सुमारें दीड इंचाच्या, पट्टेरी झेब्रा माशाचा गर्भ पारदर्शक असल्यामुळें त्यांत पेशींची हालचाल प्रत्यक्ष दिसते. परंतु एवढ्याशा जीवांतून शुद्ध प्रथिन पुरेसें कसें मिळावें? म्हणून त्या प्रथिनाचें जनुक प्रयोगशाळेंत सहज वाढणाऱ्या दुसऱ्या पेशींत घालतात, त्यांच्याकडून प्रथिन बनवून घेतात आणि तें शुद्ध करतात. त्याचा थर काचेवर देऊन, कॅल्शियम असतां व नसतां कोणत्या पेशी चिकटतात, हें तपासतां येतें.

कित्येक कर्करोगांत ही पकड ढिली पडून पेशी दूर पसरतात. म्हणूनच या परीक्षेचें महत्त्व. मात्र काच म्हणजे देह नव्हे. काचेवरील निकाल अखेर जिवंत माशांत पडताळावाच लागतो.