तळ्यातील शेवाळ : उपायापूर्वी ओळख

उन्हाळ्यात शेततळ्याचे किंवा मत्स्यतलावाचे पाणी हिरवे दिसू लागले, की अनेकदा शेवाळाचा प्रकार न पाहताच मोरचुदाचा वापर केला जातो. तथापि, सर्व शेवाळ सारखे नसते. काही प्रकार केवळ ठिबक संचाच्या गाळण्या तुंबवतात, तर काही जनावरांच्या जिवावर बेततात. म्हणून उपायापूर्वी ओळख आवश्यक ठरते.

तंतुमय हरित शेवाळ : काठीने उचलल्यास ते केसांच्या झुबक्यासारखे वर येते. स्पायरोगायराचे तंतू चमकदार हिरवे व बोटांना रेशमासारखे बुळबुळीत लागतात. क्लॅडोफोराचे तंतू शाखायुक्त व खरखरीत असतात. हायड्रोडिक्टिऑनचे पंचकोनी-षटकोनी घरांचे जाळे साध्या डोळ्यांनीही दिसते.

कारा : हे शेवाळ तळाशी रुजलेल्या पाणवनस्पतीसारखे भासते, मात्र त्याला खरी मुळे वा फुले नसतात. दांड्यावर पेरागणिक बारीक फांद्यांची वर्तुळे असतात. चुन्याच्या थरामुळे स्पर्श खरबरीत लागतो आणि चुरडल्यास लसणासारखा उग्र दर्प येतो.

नीलहरित शेवाळ : शास्त्रीयदृष्ट्या हे जिवाणू होत. मायक्रोसिस्टिस वाढल्यास पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय पसरते व वाऱ्याने एका काठाला दाट साचते. काठी बुडवल्यास तंतू न येता रंगाचा लेप बसतो.

बाटली चाचणी : हातमोजे घालून पृष्ठभागालगतच्या पाण्याने पारदर्शक बाटली पाऊण भरावी व रात्रभर न हलवता ठेवावी. वायुपुटिकांमुळे मायक्रोसिस्टिस वर तरंगून हिरवा थर तयार होतो. सूक्ष्म हरित शेवाळ बहुधा पाण्यात विखुरलेले राहते किंवा तळाशी बसते.

नीलहरित शेवाळ नेहमीच अपायकारक नसते. नॉस्टॉक व ॲनाबिना भातखाचरात हवेतील नत्र स्थिर करतात. परंतु मायक्रोसिस्टिसचे विष यकृतास इजा करते, ते पाणी उकळूनही नष्ट होत नाही आणि साय विषारी आहे की नाही, हे दिसण्यावरून कळत नाही. अशा वेळी मोरचूद टाकल्यास पेशी फुटून विष पाण्यात मिसळते. त्यामुळे साय दिसताच जनावरांना त्या तळ्यापासून दूर ठेवून दुसरे पाणी द्यावे, नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावा आणि त्यानंतरच उपाय ठरवावा.