खतावणी आणि डेटाबेस

आपल्या पेढीवरील कीर्द व खतावणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांस संगणकातील ‘डेटाबेस’ अपरिचित वाटण्याचे कारण नाही. कीर्दीतील नोंदीपुढे खातेपान लिहिलेले असते. त्या आकड्यावरून खतावणीतील नेमके खाते सापडते. निरनिराळ्या सारण्या आणि त्यांस जोडणारा क्रमांक, हेच डेटाबेसचे मर्म होय. १९७० साली एडगर कॉड या शास्त्रज्ञाने ही रचना गणिताच्या आधारे मांडली.

हा विषय शाळेतील मुलांस शिकविण्याकरिता ‘लिब्रेऑफिस बेस’ हे मुक्त सॉफ्टवेअर पुरेसे आहे. ते विनामूल्य असून त्याच्या प्रती इतरांस देण्याची मुभा परवान्यातच आहे. त्यात देवनागरीत नोंदी करता येतात.

प्रथम तीन सारण्या कराव्यात. ‘गावे’ : गावाचा क्रमांक, नाव व जिल्हा. ‘शेतकरी’ : शेतकऱ्याचा क्रमांक, नाव व गावाचा क्रमांक. ‘आवक’ : पावतीचा क्रमांक, दिनांक, शेतकऱ्याचा क्रमांक, धान्य, पोती व वजन. एकाच नावाचे दोन शेतकरी असू शकतात. म्हणून ओळख नावावर न ठेवता क्रमांकावर ठेवावयाची. यासच ‘प्रायमरी की’ म्हणतात. सारण्या रीतसर जोडल्या म्हणजे यादीत नसलेल्या शेतकऱ्याच्या क्रमांकावर आवक चढविता येत नाही. पुढे ‘भैंसा गावची तूर किती आली?’ असा प्रश्न टाकताच तिन्ही सारण्या जुळवून उत्तर मिळते. अशा प्रश्नास ‘क्वेरी’ म्हणतात.

या मांडणीचा लाभ आपल्याच जिल्ह्याच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. ऑक्टोबर २०१६ मध्ये आदिलाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन भैंसा व मुधोळ निर्मल जिल्ह्यात गेले. आवकेच्या प्रत्येक नोंदीत जिल्ह्याचे नाव लिहिले असते, तर ते असंख्य ठिकाणी बदलावे लागले असते. एखादी नोंद राहून गेली, तर एकाच गावाचे दोन जिल्हे दिसले असते. वरील रचनेत प्रत्येक गावामागे एकच दुरुस्ती पुरते. एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी, हा डेटाबेसचा मुख्य नियम. अनावश्यक संग्रह टाळण्याची शिकवण आपणांस नवी नाही.

तयार बिलाचा प्रोग्राम चालविणारा मुलगा केवळ कळा दाबण्यास शिकतो. हिशेब चुकला म्हणजे ‘संगणकाने असे दाखविले’ एवढेच तो सांगू शकेल. परंतु पावती हाती घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याचे त्याने समाधान होत नाही. सारण्या स्वतः रचलेल्या मुलास चूक कोठे झाली ते शोधता येते. सभासद बंधूंनी येत्या सुटीत आपल्या मुला-मुलींकडून गतहंगामातील दहा पावत्यांचा असा डेटाबेस अवश्य करवून घ्यावा. पेढीची पत पुढेही नोंदींच्या खरेपणावरच टिकणार आहे.