बियाण्याचा शोध, कायद्याचा हक्क आणि शेतकरी

बियाणे कंपनीची वाढ कशावर होते, हे शेतकरी बंधूंनी समजून घेतल्यास स्वतःचे हक्कही त्यांच्या ध्यानी येतील.

संकरित बियाणे

श्री. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालना येथे ‘महिको’ कंपनी स्थापन केली. संकरित बियाणे हा तिचा मोठा आधार होय. संकरित पिकाचे बी राखून पेरल्यास पुढील पिढीत मूळचे गुण विखुरतात. त्यामुळे दरवर्षी नवे बी घ्यावे लागते. नर व मादी वाण कंपनीपाशीच राहतात. अशा रीतीने संशोधनाचा खर्च भरून निघतो.

जनुकाचे एकस्व

मातीतील जिवाणूचे जनुक कपाशीत घालून बोंडअळीस मारक असा बीटी कापूस तयार झाला. त्यासाठी १९९८ साली महिकोने अमेरिकेतील मोन्सँटोशी भागीदारी केली. मार्च २००२ मध्ये महिकोच्या तीन संकरित वाणांना केंद्र सरकारची मान्यता मिळाली. संयुक्त कंपनीने इतर कंपन्यांनाही परवाने दिले व दर पाकिटामागे शुल्क घेतले. पुढील दुहेरी जनुकाच्या तंत्रज्ञानास एकस्व, म्हणजेच पेटंट, मिळाले.

परंतु या वाढीस मर्यादा पडल्या. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने कापूस बियाण्यांच्या दरनियंत्रणाचा आदेश काढला. २०१६ साली ४५० ग्रॅमच्या पाकिटामागील शुल्क ४९ रुपये ठरले. गुलाबी बोंडअळी तर या जनुकासही दाद देईनाशी झाली. २०१७ साली महाराष्ट्राने तिचा तडाखा सोसला.

शेतकऱ्याचे हक्क

चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी निवड पद्धतीने ‘एचएमटी’ हा भाताचा वाण शोधला. तो दूरवर पसरला. परंतु विक्रीतील वाटा त्यांना मिळाला नाही. तेव्हा शेतकऱ्याच्या वाणास संरक्षण देणारा कायदा नव्हता. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने ही उणीव भरून काढली. त्यानुसार शेतकऱ्यास संरक्षित वाणाचेही बी राखता, पेरता, देवघेव करता व विकता येते. मात्र ते कंपनीच्या छापाने विकता येत नाही. संरक्षित वाणाने सांगितलेले गुण न दाखविल्यास भरपाई मागता येते. शेतकऱ्याने स्वतः जोपासलेल्या वाणाच्या नोंदणीस शुल्क नाही.

ग्रामसेवक व कृषी सहायकांनी या गोष्टी चावडीवर समजावून सांगाव्यात. शेतकऱ्यांनी बियाण्याची पावती, पिशवी व खूणचिठ्ठी पीक निघेपर्यंत जपावी. शिवारात वेगळे व सरस रोप आढळल्यास त्याचे बी स्वतंत्र राखून नोंद ठेवावी. कंपनीच्या शोधाला जसे मोल आहे, तसेच ते शेतकऱ्याच्या शोधालाही आहे.