खात्री करा, मगच पुढे पाठवा

कॅडेट मित्रांनो, सुट्टीत गावी गेलात की आजोबा किंवा शेजारची मुले मोबाइल पुढे करून विचारतात, "हे खरं आहे का रे?" या प्रश्नाचे उत्तर नीट द्यायला शिका.

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा गावी आठवडी बाजार होता. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे आले. मुले पळवणाऱ्या टोळीचे संदेश त्या भागात व्हॉट्सअॅपवर आधीपासून फिरत होते. त्या संशयावरून जमावाने पाचही निरपराध माणसांना ठार मारले. त्याआधी मे महिन्यात आपल्या बेंगळुरूतील चामराजपेठेतही अशाच अफवेने एका परप्रांतीय तरुणाचा बळी घेतला होता. त्यामुळे खेड्यातले अडाणी आणि महादेवपुऱ्यातल्या आयटी कंपन्यांशेजारी राहणारे आपण शहाणे, असे समजू नये.

तेव्हा फिरणाऱ्या एका व्हिडिओत दुचाकीस्वार रस्त्यावरचे मूल उचलून नेताना दिसत. मूळ व्हिडिओ कराचीत बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी केलेला होता. त्याच्या शेवटी ते मूल परत आणून सोडतात. कोणीतरी तेवढाच भाग कापून टाकला होता.

ग्रामीण भागासाठी केंद्र सरकारने 2017 मध्ये डिजिटल साक्षरता अभियान सुरू केले. त्यातून मोबाइल आणि इंटरनेट वापरायला अनेक जण शिकले. पण खऱ्याखोट्याची पारख वेगळी शिकवावी लागते. केरळमधील कन्नूर जिल्ह्यात 2018 मध्ये सुमारे 150 सरकारी शाळांत तिचे धडे सुरू झाले.

तुम्हीही गावातल्या मुलांना भाषण देऊ नका. त्यांच्याच मोबाइलमधला एक संदेश घ्या आणि तीन प्रश्न विचारा:

1. हा मुळात कोणी, कुठे आणि केव्हा लिहिला? संदेशावर दोन बाण असतील, तर तो निदान पाच वेळा पुढे पाठवला गेलेला असतो. म्हणजे पाठवणारा काका त्याचा लेखक नसतो.
2. हीच बातमी वर्तमानपत्रात आहे का? पोलीस ठाण्यात माहीत आहे का?
3. ती खोटी निघाली, तर कोणाला इजा होईल?

वडीलधाऱ्यांची चूक चारचौघांत काढू नका, शेजारी बसून दाखवा. आणि आपल्याकडूनच खोटा संदेश गेला असेल, तर तो नुसता पुसू नका. त्याच ग्रुपवर लिहा, "मी पाठवलेले चुकीचे होते."